लोकप्रवेश दूरचित्रवाणी : हक्क की सवलत?

सामान्य नागरिकास स्वतः कार्यक्रम तयार करून प्रक्षेपित करण्याची संधी देणारी अमेरिकेतील लोकप्रवेश दूरचित्रवाणी ही स्थानिक माध्यमांच्या लोकशाहीकरणाचा आदर्श मानली जाते. हा गौरव कितपत सार्थ आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

१९७२ मध्ये तेथील केंद्रीय दळणवळण आयोगाने मोठ्या बाजारपेठांतील केबल कंपन्यांना अशा वाहिन्या राखून ठेवण्याची सक्ती केली. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी सक्ती आयोगाच्या अधिकारकक्षेबाहेरची ठरविली. पुढे १९८४ च्या केबल कायद्याने परवाना देणाऱ्या स्थानिक शासनास या वाहिन्यांची मागणी करण्याची मुभा दिली आणि कंपनीच्या संपादकीय हस्तक्षेपास प्रतिबंध केला. व्यापारी माध्यमांनी नाकारलेल्या आवाजास त्यामुळे स्थान मिळाले, हे या व्यवस्थेचे निर्विवाद श्रेय होय.

तथापि मुभा म्हणजे हक्क नव्हे. कायद्यानुसार केबलच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क आकारता येते. परंतु ते या वाहिन्यांवरच खर्च करण्याचे बंधन नाही. शिवाय केबलचे ग्राहक घटले की हा निधीही आटतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मॅनहॅटनमधील अशी वाहिनी चालविणारी खासगी संस्था शासनसंस्था नसल्याचा निर्णय दिला. परिणामी अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनात्मक हमी तिच्याविरुद्ध लागू होत नाही.

सारांश, प्रवेशाचे दार उघडे असणे पुरेसे नाही. ते बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो.