छायाचित्रातील विशेषण आणि क्रियापद : 'फोटो लीग'चे शिकाऊ छायाचित्रकार

न्यूयॉर्क येथे १९३६ साली स्थापन झालेल्या 'फोटो लीग' या संस्थेविषयी जे लिहिले जाते, त्यात तिच्या सामाजिक निष्ठेचा आणि १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकी शासनाने तिला राष्ट्रविघातक संघटनांच्या यादीत घातल्याचा उल्लेख हटकून येतो. १९५१ साली ती विसर्जित झाली. परंतु ही संस्था बव्हंशी एक शाळा होती, आणि सिड ग्रॉसमन यांच्यासारख्या शिक्षकांच्या वर्गात अल्प शुल्क भरून बसणारे बरेचसे विद्यार्थी ऐन विशीतले, स्थलांतरितांच्या घरांत वाढलेले होते, ही गोष्ट मागे पडते. या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर जाऊन जे टिपले, ते संस्थेच्या घोषित सिद्धान्ताशी पुष्कळदा जुळत नाही. आणि जेथे जुळत नाही तेथेच ते अधिक टिकाऊ ठरले आहे.

लीगचा सर्वांत गाजलेला उपक्रम म्हणजे 'हार्लेम डॉक्युमेंट'. पेशाने शाळेत इंग्रजी शिकविणारे ॲरन सिस्किंड यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी कृष्णवर्णीयांच्या या वस्तीची छायाचित्रे १९४० पर्यंत घेतली. त्यांपैकी काही त्याच वर्षी 'लुक' नियतकालिकात '२,४४,००० नेटिव्ह सन्स' या मथळ्याखाली आली. मथळा रिचर्ड राइट यांच्या त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवरून घेतलेला होता. त्यात एक संख्या आहे, एक विशेषण आहे, एक नाम आहे, क्रियापद नाही. ही उणीव केवळ संपादकाची मानता येत नाही. उपक्रमातील बऱ्याच चित्रांची रचनाच अशी आहे की, त्यांतील माणूस काही करीत नाही. तो 'दरिद्री' आहे, 'उपेक्षित' आहे. पायरीवर बसलेला पुरुष बेकार आहे की कामावरून येऊन विसावला आहे, हे चित्र सांगू शकत नाही. ते खालचा मजकूर सांगतो, आणि मग चित्र त्या मजकुराचा दाखला म्हणून उरते. हार्लेममध्ये चाललेल्या कितीतरी चांगल्या गोष्टी आपण दाखविल्याच नाहीत, आपले चित्रण एकांगी झाले, अशी कबुली पुढे खुद्द सिस्किंड यांनीच दिली. ती प्रांजळ आहे. मात्र दोष विषयांच्या निवडीपुरताच नव्हता.

याच उपक्रमात जॅक मॅनिंग यांचे १९३९ चे एल्क्स मंडळाच्या मिरवणुकीचे चित्र आहे, हॅरल्ड कोर्सिनी यांचे रस्त्यावर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे चित्र आहे. दोघेही तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. मॅनिंग यांच्या चित्रात इमारतीच्या दर्शनी भागावरचे, आगीच्या वेळी उतरण्यासाठी बसविलेले लोखंडी जिने माणसांनी फुलून गेले आहेत. दाटीवाटीची वस्ती येथे लपविलेली नाही. परंतु तिचे व्याकरणातील स्थान पालटले आहे: आधी ती माणसांचे विशेषण होती, आता ती क्रियेचे अधिकरण झाली आहे. लोक पाहत आहेत, आणि कोठून पाहत आहेत हे आपोआप कळते. मजकुराची गरज पडत नाही.

हीच दिशा वॉल्टर रोझेन्ब्लम यांच्या १९३८ च्या पिट स्ट्रीटवरील चित्रमालिकेत दिसते. ज्या भागात ते वाढले तेथेच ते कॅमेरा घेऊन फिरले, म्हणून झोपाळ्यावरची मुलगी त्यांना 'झोपडपट्टीतील बालक' वाटली नाही. ती झोका घेत होती, इतकेच. आर्थर लाइपझिग यांनी, हाताला झालेल्या दुखापतीमुळे जुने काम सुटल्यावर लीगच्या वर्गात प्रवेश घेतला, आणि १९४३ साली रस्त्यावरील खेळांची मालिका हाती घेतली. तिची प्रेरणा ब्रुगेल यांचे १५६० चे 'मुलांचे खेळ' हे चित्र होते. त्या चित्रात दोनशेहून अधिक मुले आहेत, आणि प्रत्येकजण कशात ना कशात गुंतलेला आहे. एका अर्थी तो क्रियापदांचा कोशच होय. लाइपझिग यांना त्यातून विषय मिळाला, पण त्याहून मोलाची मिळाली ती दृष्टी. ईस्ट नदीत उड्या घेणारी १९४८ मधली त्यांची मुले पाहताना प्रथम उडी दिसते, मग शरीरे, आणि पोहण्यासाठी या मुलांना वाहत्या नदीचा धक्काच का शोधावा लागला, हा प्रश्न सर्वांत शेवटी सुचतो. तो सुचतो हे महत्त्वाचे.

अशा चित्रांनी शहराचे दैन्य गोंडस होते, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. कॅमेऱ्याकडे पाहून हसणारे मूल हेही शेवटी विशेषणच. 'गरीब' च्या जागी 'गोड' आले, एवढाच फरक. लीगच्या विद्यार्थ्यांच्या संग्रहांत अशी चित्रे सापडतात, आणि दिनदर्शिकांना तीच अधिक आवडतात. निरोगी, धावते नगरजीवन दाखविणे म्हणजे प्रसन्न चेहरे गोळा करणे नव्हे, हा विवेक प्रत्येकाला साधला नाही.

लाइपझिग यांनी १९५० साली ब्रुकलिनमधील प्रॉस्पेक्ट प्लेस येथे घेतलेले खडूच्या खेळांचे चित्र या बाबतीत निरखून पाहण्याजोगे आहे. ते उंचावरून घेतले असल्याने चेहरे फारसे लागतच नाहीत. काळा डांबरी रस्ता, त्यावर पांढऱ्या रेघांची दाट गर्दी, आणि त्या रेघांमध्ये आपापल्या कामात गढलेली मुले.