वेष्टनावरचे दावे आणि लाल होणारी त्वचा

एका शिक्षक-शिबिरात एक बाई सनस्क्रीनच्या दोन ट्यूब घेऊन आमच्याकडे आल्या. ऊन लागले की त्यांचे गाल लाल होऊन चुरचुरत. मुरुमे समजून बरेच दिवस उपचार झाले, आणि शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी ‘रोझेशिया’ असे निदान केले. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नसल्याने हा विकार आपल्याकडे अनेकदा निसटतो. बाईंनी मैदानावरचे तास सोडून दिले होते. ‘यातली कोणती घेऊ?’ हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर देण्यासाठी पाठ्यपुस्तक तपासावे तशी ही वेष्टने आम्ही तपासली.

पहिल्या ट्यूबवर ठळक आकडा होता : एस.पी.एफ. ५०. हा आकडा मोजून काढलेला असतो, ही त्याची जमेची बाजू. त्वचा लाल करणाऱ्या अतिनील किरणांपैकी एस.पी.एफ. ३० असताना सुमारे ३.३ टक्के आणि ५० असताना २ टक्के त्वचेपर्यंत पोचतात. पण ही चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर देऊन करतात. आपण बहुधा त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही पातळ थर लावतो. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतकी क्रीम लागते, ही गोष्ट वेष्टनावर नव्हती. शिवाय हा आकडा मुख्यतः ‘बी’ प्रकारच्या अतिनील किरणांविषयी आहे. खिडकीच्या काचेतूनही येणाऱ्या ‘ए’ किरणांसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा ‘पी.ए.’पुढची अधिक-चिन्हे पाहावी लागतात. उष्णतेनेही रोझेशिया चाळवतो. तिला कोणतीच क्रीम अडवत नाही.

त्याच ट्यूबवर ‘हायपोअॅलर्जेनिक’ हा शब्दही होता. संवेदनशील त्वचेच्या माणसाला तोच सर्वांत धीर देतो, आणि आमची मुख्य तक्रार त्याच्याविषयी आहे. हा शब्द वापरायचा तर चाचणीचा पुरावा हवा, असा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ साली केला. दोन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७च्या अखेरीस अपील न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. तिथे या शब्दाला आजही कायदेशीर व्याख्या नाही. बाईंच्या ट्यूबवर हा शब्द पुढे होता आणि घटकांच्या यादीत, मागे, बारीक अक्षरांत, ‘परफ्यूम’ होते! सुगंधी द्रव्ये, मेंथॉल, कापूर, अल्कोहोल यांनी अशी त्वचा अनेकदा चिडते.

दुसरी ट्यूब ‘केमिकल-फ्री’ होती आणि तिच्यात झिंक ऑक्साइड होते. झिंक ऑक्साइड हे रसायन नाही, असे उत्तर आठवीच्या मुलाने लिहिले तर आपण गुण कापू. ते आरशासारखे किरण परावर्तित करते, ही समजूतही अपुरी आहे. अतिनील किरण ते मुख्यतः शोषते, परावर्तन सुमारे ५ टक्केच असते. दावा चुकीचा असला तरी घटक चांगला होता. झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड नाजूक त्वचेला सहसा मानवतात.

मेकअपबाबत थोडक्यात. हिरवट छटेचा थर लाली झाकतो, कारण हिरवा आणि लाल हे पूरक रंग आहेत. फाउंडेशनवर एस.पी.एफ. लिहिलेला असला तरी ते इतके पातळ लावतात की सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही. त्वचेच्या रंगाच्या सनस्क्रीनमधली आयर्न ऑक्साइडे (गेरूचा रंग त्यांच्यापैकीच एकाचा) लालीही थोडी झाकतात आणि दृश्य प्रकाशही काहीसा अडवतात.

बाईंना आम्ही दुसरी ट्यूब सुचवली, तीही अटीवर. आधी ती जबड्याच्या कडेला, लहानशा जागी, आठवडाभर लावायची आणि त्या काळात दुसरे काहीही नवे वापरायचे नाही. एका वेळी एकच घटक बदलायचा, हा प्रयोगवहीतला नियम इथे स्वतःच्या गालासाठी पाळायचा. टोपी आणि सावली हवीच. आग वाढली तर क्रीम बंद करून डॉक्टरांकडे जायचे.

विद्यार्थ्यांना घरातले एखादे वेष्टन वर्गात आणायला सांगावे. त्यावरचे कोणते विधान मोजता येते, कोणते नुसते धीर देते आणि कोणते चूक आहे, अशा तीन याद्या त्यांना करू द्याव्यात. आम्ही तपासलेल्या दोन्ही वेष्टनांवर उपयोगाचा मजकूर मागच्या बाजूला, सर्वांत बारीक अक्षरांत होता.