मुक्ती कशापासून आणि कोणाची

‘जीवनाचा हेतू’ हा शब्दप्रयोग मराठीत उपराच वाटतो. आपण ‘जन्माचे सार्थक’ म्हणतो, आणि त्यामागे दुर्लभ मनुष्यजन्माची, म्हणजे अनेक जन्मांची, कल्पना उभी असते. ख्रिस्ती दृष्टीत जन्म एकच. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवले. देवाला ओळखावे, त्याच्यावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करावी, अखेर त्याच्या सहवासात राहावे, हे त्या एका जन्माचे प्रयोजन. हे मराठीत सांगताना हाताशी येणारे शब्द मात्र मोक्ष आणि मुक्ती, म्हणजे जन्मापासूनच्या सुटकेचे.

थॉमस स्टीफन्स यांच्यापुढे हीच अडचण होती. साष्टीतल्या रायतूरला १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या पाठ्यपुस्तकांनी इतक्या झिजवल्या, की उरलेल्या दहा हजारांकडे कोणी वळत नाही. आदामापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची ही कथा ज्यांच्यासाठी लिहिली, त्या नवख्रिस्त्यांची जुनी पुराणे पोर्तुगीज राजवटीने हिरावली होती. त्यांना स्टीफन्सनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द दिला. कोणी याला चलाखी म्हणते, कोणी समन्वय. मला तो अनुवादकाचा अचूक निर्णय वाटतो. वैकुंठात कोणी विरून जात नाही. तिथे देव समोर असतो आणि भक्त भक्तच राहतो. मोक्षापेक्षा भक्ती मोठी मानणारी वारकरी परंपरा मराठीत होती, म्हणूनच हा शब्द ख्रिस्ती अर्थ पेलू शकला. पुढे नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले, त्यामागचे भाषिक कारणही हेच असावे.

पण स्टीफन्सच्या पुराणात ‘मनुष्य’ कोण, हा प्रश्न उद्भवत नाही. तो पंडिता रमाबाईंनी विचारला. १९०७ च्या त्यांच्या इंग्रजी आत्मनिवेदनात धर्मशास्त्रांवरचा मुख्य आक्षेप थेट आहे: मोक्ष हे अंतिम ध्येय खरे, पण स्त्री आणि शूद्र यांना त्याचा अधिकार नाही, स्त्रीने पतीलाच देव मानावे आणि पुढच्या जन्मी उच्चवर्णीय पुरुष होण्याची वाट पाहावी. म्हणजे ज्यांना हा जन्म मोजण्याइतकाही दिलेला नाही, त्यांच्यासाठी ‘जन्माचे सार्थक’ हे शब्दच पोकळ. एकच जन्म आणि प्रत्येक माणूस देवाचे प्रतिरूप, ही शिकवण केडगावात दुष्काळातून आणलेल्या मुलींसमोर आली तेव्हा ती तत्त्वचर्चा राहिली नाही.

रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. पंडिती, हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, ते केडगावच्या छापखान्यातून पूर्ण बाहेर पडले. त्याच रमाबाईंनी आपल्या संस्थेला नाव दिले ‘मुक्ती’. ही विसंगती असेल, पण मला ती फार बोलकी वाटते. शब्द जुनाच ठेवला आणि कशापासून मुक्ती, ते बदलले: जन्मापासून नाही, भुकेपासून, वैधव्याच्या शिक्षेपासून, पापापासून. तरी त्यांचा अनुवाद साधेपणाच्या हट्टापायी जागोजागी कोरडा झाला आहे, हेही म्हटले पाहिजे. शब्दांवरचा संशय अतीच झाला की भाषेतला देवही दूर जातो.

या प्रश्नावरचे सर्वांत समाधानकारक मराठी पुस्तक मात्र सिद्धान्ताचे नाही. लक्ष्मीबाई टिळक बाप्तिस्मा घेतलेल्या नवऱ्याकडे परतल्यावरही सोवळे सांभाळत होत्या. जातिभेद देवाने केलेला नाही, या निष्कर्षाशी त्या कोणाच्या उपदेशाने नाही, स्वतः विचार करून पोचल्या. ‘स्मृतिचित्रे’त तो प्रसंग त्यांनी थोडक्यात सांगितला आहे, जरा हसतच. नंतर टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केले; तिथे वृत्त सांभाळावे लागते, थोरामोठ्यांचा आवाज काढावा लागतो. आत्मकथेत त्या स्वयंपाकघरातल्या मराठीत बोलतात, आणि एका जन्माचे काय करायचे हे त्या भाषेत विचारण्याइतके दूरचे राहत नाही.