संप्रत्यक्षण
नव्या संवेदनांना पूर्वानुभव व आत्मभान यांच्या आधारे अर्थ प्राप्त करून देणारी मानसिक प्रक्रिया. ही संकल्पना जर्मन तत्त्वज्ञ लायप्निट्स (१६४६–१७१६) याने मांडली. समुद्राची गाज ऐकताना प्रत्येक लाटेचा सूक्ष्म ध्वनी मनावर उमटतो. परंतु जाणीव होते ती एकूण गाजेची. अशा जाणीवयुक्त संवेदनास त्याने हे नाव दिले. कांटच्या क्रिटिक ऑफ प्युअर रीझन (१७८१) या ग्रंथात त्यास मध्यवर्ती स्थान आहे : विविध संवेदने एकाच ‘मी’ची असल्याखेरीज वस्तूचे ज्ञान संभवत नाही. हेर्बार्टने (१७७६–१८४१) मात्र मनात साठलेल्या कल्पनासमूहांवर भर दिला. नवी कल्पना त्यांत सामावली, की ती समजते. त्याच्या अनुयायांनी यातून रचलेली पाठाची पंचपदी भारतातील अध्यापक विद्यालयांतही रूढ झाली.

विद्यार्थ्याचे पूर्वज्ञान जाणून शिकवावे, हा हेर्बार्टच्या मताचा लाभ निर्विवाद आहे. तथापि जुन्यात सामावते तेच समजत असेल, तर जुने चुकीचे ठरावे कसे, याचे समाधानकारक उत्तर त्यात मिळत नाही. पृथ्वी सपाट मानणारे मूल ती गोल असल्याचे ऐकून तिला थाळीसारखी कल्पू शकते. येथे नवे जुन्यात सामावले, पण यथार्थ ज्ञान झाले नाही. पियाजेने (१८९६–१९८०) सात्मीकरणाच्या जोडीस समायोजन, म्हणजे नव्यानुसार जुन्या रचनेत होणारा बदल, मानून ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. मात्र जुने अपुरे पडल्याचे भान ज्याला होते, तो ज्ञाता गृहीत धरावाच लागतो. म्हणून कांटचा प्रश्न आजही निकालात निघालेला नाही.