मनगटावरचा किलोमीटर

उचगाव हे कोल्हापूरला लागून असलेले, पुणे-बंगळूर महामार्गाच्या काठचे गाव. येथे पहाटे भरतीची तयारी करणारी मुले रस्त्याने धावताना दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि गुण सेकंदांवर ठरतात. आता बऱ्याच मुलांच्या मनगटावर जीपीएस घड्याळ असते. ‘सर, एक पॉइंट सहा झाले,’ असे मुलगा सांगतो आणि आपण वेळ लिहून घेतो. आमची हरकत आहे ती या ‘झाले’ला.

घड्याळ अंतर थेट मोजत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संदेश घेऊन ते आपली जागा ठरवते आणि एकामागून एक ठरवलेल्या जागा जोडून लांबी काढते. संदेश प्रकाशवेगाने येतात. त्यामुळे वेळ मोजताना सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३ मीटरांची चूक होते. मोकळ्या आभाळाखालीही जागा काही मीटरांनी चुकते. दाट झाडी, महामार्गाचा पूल, भिंतीवर आपटून लांबच्या वाटेने आलेला संदेश यांमुळे ती आणखी चुकते.

आता पायथागोरसला हाताशी घेऊ. मुलगा सरळ रस्त्याने धावतो आहे आणि घड्याळ दर १० मीटरांवर बिंदू टाकते आहे. समजा, एक बिंदू १ मीटर डावीकडे पडला, पुढचा १ मीटर उजवीकडे. प्रत्येक तुकड्याची लांबी १०० अधिक ४ यांचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १०.२ मीटर भरेल. नागमोडी रेघ सरळ रेघेहून लांबच असणार! या हिशेबाने घड्याळात १६०० मीटर पुरे होतील तेव्हा मुलगा प्रत्यक्षात १५६९ मीटरच धावलेला असेल. सेकंदाला ५ मीटर या वेगाने हा फरक ६ सेकंदांचा होतो. सरावात साधलेली वेळ भरतीच्या मैदानावर का साधत नाही, याचे एक उत्तर येथे मिळू शकते.

सगळेच बिंदू एकाच बाजूला सारखे सरकले, तर मात्र लांबीत फारसा फरक पडत नाही. पीटर रानाखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली हीच गोष्ट गणिताने मांडली. जागेतील चुकांमुळे जीपीएसचे अंतर सरासरीने खऱ्याहून जास्त भरते आणि लागोपाठच्या चुका जितक्या सारख्या, तितकी ही वाढ कमी. मैदानाच्या वळणावर उलटेही घडते. बिंदू विरळ असतील तर कंसाऐवजी जीवा मोजली जाते आणि अंतर कमी भरते.

घड्याळ निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. आज पाच किलोमीटर धावलो की सात, हे ते ठीक सांगते. दोष आहे तो दशांशचिन्हापुढे दोन अंक दाखवून त्रुटी न सांगण्यात. व्हर्निअर कॅलिपरचे लघुतम माप विचारल्याशिवाय आपण प्रयोगवहीत वाचन लिहू देत नाही. मग मनगटावरचे वाचन तसेच का स्वीकारावे? मॅरेथॉननंतर घड्याळात ४२.१९५ किलोमीटरहून जास्त आकडा दिसला की धावपटू आयोजकांना दोष देतात. वास्तविक प्रमाणित मार्ग मोजतात तो सायकलने. पुढच्या चाकाला जोन्स गणक बसवतात, सर्वांत जवळच्या वाटेने सायकल नेतात आणि मार्ग कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग, म्हणजे सुमारे ४२ मीटर, वाढवून घेतात. धावपटू वळणावर बाहेरून गेला तर त्याचे अंतर वाढणारच.

हीच रीत शाळेला परवडते. पोलादी फितीने १०० मीटर आखा. सायकलच्या चाकावर खडूची खूण करून त्या अंतरात किती फेरे होतात ते मोजा. मग त्याच सायकलने, चाकातील हवा तीच ठेवून, १६०० मीटर आखा आणि दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारा. मुलांना दहा दिवस त्या रेघांमध्ये धावू द्या आणि प्रत्येकाच्या घड्याळातील आकडा फळ्यावर मांडा. सरासरी किती, विचलन किती, हे मुलेच काढतील. आपल्या घड्याळावर किती विश्वास ठेवायचा, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही आणि भरतीच्या दिवशी ते सहा सेकंद त्यांना फसवणार नाहीत.