बळी, दान आणि झेप : ‘द गिफ्ट’मधील आत्मार्पणाचा अन्वयार्थ

नायिकेच्या आत्मार्पणाने कथेचा शेवट करणे ही कथनपरंपरेतील इतकी जुनी सोय आहे की त्या शेवटाचे नैतिक मोल बहुधा तपासलेच जात नाही. मरण आले की प्रश्न संपतो आणि उरतो तो केवळ गौरव. अद्भुताश्रयी लोकप्रिय कथनांत तर ही सोय अधिकच सुलभ होते. तेथे जग वाचवायचे असते, आणि जगाच्या तुलनेत एक मुलगी कितीशी? जॉस व्हेडन यांच्या ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ (१९९७–२००३) या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या पाचव्या पर्वाचा शेवट म्हणूनच लक्षणीय ठरतो. २२ मे २००१ रोजी प्रक्षेपित झालेला ‘द गिफ्ट’ हा मालिकेचा शंभरावा भाग. पिशाचांचा संहार करण्यासाठी निवडली गेलेली बफी त्यात धाकट्या बहिणीऐवजी मरण पत्करते. पण हे आत्मार्पण ‘एकीच्या बदल्यात सर्व’ या हिशेबातून आलेले नाही. तो हिशेबच नाकारल्यानंतर ते घडते.

डॉन ही बफीची बहीण वस्तुतः बहीण नाही. ती एक आदिम शक्ती आहे. ग्लोरी या नरकदेवतेपासून ती लपविण्यासाठी काही साधूंनी तिला मानवी देह दिला आणि इतरांच्या मनांत तिच्या बालपणाच्या स्मृती पेरल्या. विधीत डॉनचे रक्त सांडू लागले की विश्वांमधील भिंती कोसळणार, आणि ते थांबल्याशिवाय त्या सांधणार नाहीत. बफीचा मार्गदर्शक जाइल्स हा पेच स्पष्टपणे मांडतो : विधी सुरू झालाच तर मुलीला मारावे लागेल. बफी नकार देते. जग बुडाले तरी बहिणीला हात लावू देणार नाही, ही तिची भूमिका. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस (१९९८) हीच बफी प्रियकर एंजलला, त्याचा आत्मा परत आलेला असताना, जगासाठी तलवारीने नरकात लोटून मोकळी झाली होती. ती आठवण ती येथे स्वतःच काढते आणि तेव्हा होते ते बळ आता आपल्यात उरले नसल्याचे कबूल करते. निवड अशीच करावी लागणार असेल तर या जगात जगायचे कसे, हे तिला उमगत नाही.

मराठीत बळी देणे, बळी घेणे आणि बळी जाणे यांत कर्ता बदलतो आणि त्याबरोबर पापाचा धनीही. जाइल्सचा प्रस्ताव ‘देण्या’चा आहे, ग्लोरीचा विधी ‘घेण्या’चा. बफी या दोन्हींतून सुटते ती एका रक्तसाम्याच्या आधारे : डॉन तिच्यापासूनच घडविली गेली असल्याने दोघींचे रक्त एकच. पहाटेच्या प्रकाशात ती मनोऱ्यावरून झेप घेते आणि दार मिटते. येथे संहितेचा एक कच्चा दुवा उघड होतो. दुसऱ्यासाठी मरता येते, पण दुसऱ्याचे मरण त्याच्याकडून काढून घेता येत नाही, असे देरिदा हायडेगरच्या अनुषंगाने म्हणतो. मृत्यू हस्तांतरणीय नसतो. येथे मात्र कथानकाने तो रक्ताच्या नियमाने हस्तांतरणीय करून टाकला आहे. पेच सोडविला जात नाही. शेवटच्या क्षणी सापडलेल्या पळवाटेने तो टाळला जातो, ही तक्रार रास्त आहे.

तरीही भाग ढासळत नाही, कारण टाळलेला पेच दुसरीकडे फेडला जातो. ग्लोरी ज्याच्या देहात वास करते तो बेन हा मनुष्य आहे. जखमी बेनला बफी ताकीद देऊन सोडते. ती दूर गेल्यावर जाइल्स येतो, बफी माणसाचा जीव घेणार नाही आणि ती वीर आहे असे शांतपणे सांगतो, आणि हाताने त्याचे नाकतोंड दाबून त्याला मारतो. सारा प्रसंग जेमतेम एका मिनिटाचा. नायिकेचे निष्कलंकत्व कोणाच्या मळलेल्या हातांवर उभे असते, हे इतक्या कमी शब्दांत सांगणारी दृश्ये या प्रकारात विरळाच. बफीला याचा पत्ताही लागत नाही. त्यागाच्या उजेडात झाकलेली ही हत्या वगळून जे वाचन केवळ झेपेवर थांबते, ते संहितेपेक्षा भाबडे ठरते.

झेपेतही निखळ दान नाही. आई काही आठवड्यांपूर्वी वारली आहे. मृत्यू हेच तुझे देणे, असे आदि-संहारिणीने स्वप्नवत दर्शनात बफीला सांगितले आहे. आधीच्याच भागात ती जड होऊन बसते, कारण क्षणभर तिला सारे संपावे असे वाटून गेले होते. म्हणून मनोऱ्यावर तिच्या मुद्रेवर येणारी शांती केवळ प्रेमाची नाही, तीत सुटकाही मिसळलेली आहे. पहिल्या पर्वाच्या अखेरीस (१९९७) आपल्या मरणाचे भाकीत ऐकून सोळा वर्षांची बफी ग्रंथ भिरकावते आणि मरायचे नाही म्हणते. चार वर्षांनी तीच मुलगी बहिणीला निरोप देते तो जगण्याचा, कारण या जगात जगणे हेच सर्वांत कठीण. स्वतःला मात्र ती त्या कठीण कामातून वगळते.

युरिपिडीझच्या ‘अल्सेस्टिस’मध्ये (इ. स. पू. ४३८) पतीऐवजी मेलेली पत्नी हेराक्लीज परत आणतो. ती बुरख्यात असते आणि बोलत नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत तिने बोलू नये, असे कारण नाटकात दिले आहे. प्रेक्षकाला मात्र ते मौन पुरेसे वाटत नाही : जिने मरण दिले तिला परत येणे हवे होते का, हा प्रश्न मागे राहतो. सहाव्या पर्वात (ऑक्टोबर २००१) मालिका हाच प्रश्न उचलते. मैत्रीण विलो मंत्राने बफीला उठविते. ती शवपेटी फोडून, माती उकरून वर येते. ती नरकयातनांत असेल या समजुतीने तिची सुटका करणारे मित्र कृतज्ञतेची वाट पाहतात, आणि तीही त्यांना हवे तसे आभार मानते. पुढे एका गल्लीत, सावलीत थांबलेल्या स्पाइक या पिशाचाला ती सांगते की ती स्वर्गात होती, तेथे सारे पूर्ण झालेले होते, आणि येथे सारे कठोर, प्रखर आहे. मित्रांना हे कधीही कळू नये, एवढे सांगून ती, पिशाचाला पाऊल टाकता येणार नाही अशा उन्हात निघून जाते.