सही आणि संमती : किशोरवयीनांच्या लसीकरणविषयक अधिकाराची चिकित्सा

प्रस्तावना

अर्भकाला लस टोचली जाते तेव्हा संमती आईवडिलांची असते आणि ती पुरेशीही असते. दहा ते अठरा या वयोगटात मात्र ही सोपी व्यवस्था अपुरी पडते. आजार कोणता, सुई कशासाठी, पुढे काही त्रास होईल का, हे या वयातील मुलामुलींना विचारता येते आणि समजावून सांगितले तर कळतेही. तरीसुद्धा कायद्याच्या व शाळेच्या लेखी ती केवळ ‘पाल्य’ असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूवरील (एचपीव्ही) लस प्रामुख्याने याच वयात दिली जात असल्याने हा प्रश्न अधिक ठळक झाला आहे. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील ‘गिलिक’ निवाड्याची परंपरा आणि भारतातील खम्मम-वडोदरा प्रकरणावरील संसदीय अहवाल या दोहोंचा विचार करून, त्यांत किशोरवयीनांच्या स्वतःच्या मताला कोणते स्थान आहे हे तपासले आहे.

गिलिक निवाडा : सामर्थ्य आणि मर्यादा

सोळा वर्षांखालील मुलीला अपवादात्मक परिस्थितीत पालकांना न कळवता गर्भनिरोधनाविषयी सल्ला देण्याची मुभा ब्रिटिश आरोग्य खात्याने १९८० च्या परिपत्रकाद्वारे डॉक्टरांना दिली होती. त्याविरुद्ध व्हिक्टोरिया गिलिक या मातेने न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तिची मागणी फेटाळली. मुलाला प्रस्तावित उपचार समजण्याइतकी जाण व बुद्धी आली की त्या बाबतीत पालकांचा निर्णयाधिकार मागे सरतो, हे लॉर्ड स्कारमन यांच्या विवेचनाचे सार होय. पालकत्वाचा अधिकार हा मुलाच्या हितासाठी असतो, मालकीहक्क म्हणून नव्हे, हा विचार या निवाड्याने दृढ केला. २००८ पासून इंग्लंडच्या शाळांमधून १२-१३ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस देणे सुरू झाले, तेव्हा हेच तत्त्व लसीकरणालाही लागू पडले. पालकांचा होकार आला नाही, तरी पुरेशी जाण असलेल्या मुलीची संमती ग्राह्य धरता येते.

मात्र या तत्त्वाची दुसरी बाजू तितकी उजळ नाही. १९९१ व १९९२ मधील निर्णयांत अपील न्यायालयाने असे मानले की जाणत्या अल्पवयीन व्यक्तीचा नकार न्यायालयाला बाजूला सारता येतो. २०१३ मध्ये विभक्त पालकांच्या एका खटल्यात १५ व ११ वर्षांच्या दोन बहिणींनी गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लस घेण्यास नकार दिला होता. वडिलांना लस हवी होती, आईचा विरोध होता. मुलींच्या मतावर आईचा प्रभाव आहे व त्यांना संतुलित माहिती मिळालेली नाही, असे मानून न्यायालयाने लस देण्याचा आदेश दिला. गोवराचा धोका पाहता हा निर्णय अवाजवी म्हणता येणार नाही. तथापि त्यातून एक विसंगती उघड होते. होकार देणाऱ्या मुलीची जाण सहज मान्य होते, तर नकार देणारीच्या जाणिवेची कसून परीक्षा घेतली जाते. घरच्यांचा प्रभाव होकारावरही असतोच, पण त्याची चौकशी होत नाही. ज्या अधिकारात केवळ ‘हो’ म्हणता येते, तो डॉक्टरला संरक्षण देतो. मुलीला फारसे काही देत नाही.

खम्मम-वडोदरा प्रकरण : अहवालाने न विचारलेला प्रश्न

भारतात २००९ मध्ये ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि संबंधित राज्य सरकारे यांनी तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्ही लसीचा प्रकल्प राबविला. सात मुलींच्या मृत्यूच्या वार्तांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो स्थगित झाला. हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. म्हणून या प्रकरणाचा धडा लसीच्या गुणदोषांचा नसून संमतीचा आहे.

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये सादर केलेल्या ७२ व्या अहवालात याबाबत कठोर ताशेरे ओढले. आंध्र प्रदेशातील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. गुजरातमधील ६,२१७ पत्रांपैकी ३,९४४ वर अंगठेच होते. आदिवासी व गरीब घरांतील पालकांच्या नावे इतरांनी संमती द्यावी, ही बाब या अहवालाने चव्हाट्यावर आणली. हे त्याचे मोठे कार्य होय.

तरीही अहवालाचा रोख प्रामुख्याने एकाच प्रश्नावर राहतो : अधीक्षकाने सही का केली, पालकाने का नाही? वसतिगृहात राहणारी तेरा वर्षांची मुलगी वाचू शकत होती, बोलू शकत होती. तिला कोणी समजावून सांगितले का, हा प्रश्न त्या मानाने बाजूला राहतो. प्रकल्प राबविणाऱ्यांनी मुलीला वगळले आणि त्यांच्या चुका दाखविणाऱ्यांनीही संमतीचा शोध मोठ्यांच्या सहीतच घेतला. अंगठ्याच्या जागी पालकाची सुवाच्य सही असती, तरी मुलीच्या दृष्टीने काय बदलले असते?

भारतीय चौकट

१८७५ च्या कायद्यानुसार सज्ञानतेचे वय १८ आहे. भारतीय न्याय संहिता, २०२३ मात्र, पूर्वीच्या दंडसंहितेप्रमाणेच, बारा वर्षांखालील बालकाची संमती सर्वसाधारणपणे ग्राह्य धरत नाही आणि त्याच्या हितासाठी पालकाची संमती मान्य करते. बारा ते अठरा हा टप्पा अशा रीतीने संदिग्ध राहतो. संशोधनाच्या क्षेत्रात आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पालकांच्या संमतीबरोबर बालकाची सहमतीही आवश्यक मानली आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणाही व्यक्तीवर लसीची सक्ती करता येणार नाही, असे शारीरिक स्वायत्ततेच्या आधारे स्पष्ट केले. या सर्वांचा किशोरवयीनांपुरता एकत्रित अर्थ लावण्याचे काम बाकी आहे.

निष्कर्ष

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही देशी एचपीव्ही लस २०२३ मध्ये उपलब्ध झाली आणि ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचा मनोदय केंद्र सरकारने २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात व्यक्त केला. लस कर्करोगापासून वाचविणारी आहे, म्हणूनच ती विश्वासाने पोहोचली पाहिजे. केवळ वयाची रेषा खाली आणून हे साधणार नाही. आश्रमशाळेत अधीक्षकासमोर रांगेत उभ्या असलेल्या मुलीला कायद्याने संमतीचा अधिकार दिला, तरी नकार देण्याचे बळ त्यातून आपोआप येत नाही. तिच्या भाषेत माहिती, एकांतात प्रश्न विचारण्याची संधी, पालकाच्या सहीशेजारी तिची स्वतःची सही आणि तिने नकार दिल्यास त्या दिवशी सुई न टोचता पुन्हा संवाद, एवढी किमान पथ्ये पाळली तरच संमती या शब्दाला अर्थ राहील. अन्यथा पुढील एखादी समितीही सह्या आणि अंगठेच मोजत बसेल.